ओल्या कापसाचं वजन

दर तीन महिन्यांनी मी दंडाला पट्टा बांधून घेते, बोटातून रक्ताचा थेंब देते आणि वजनकाट्यावर उभी राहते. तपासणारी मुलं आता माझ्या नातवंडांच्या वयाची असतात. "आजी, गोळ्या कधीपासून चालू आहेत?" असं विचारतात, आणि मी सांगितलं की पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत बसतात. दुसरीत असल्यापासून रोज ही गोळी खाणारी आणि तरी रक्तदाब, साखर, वजन सगळं आवाक्यात असणारी बाई त्यांना नवलाची वाटते. मी त्यांना म्हणते, बाबांनो, यात माझं फारसं काही नाही. हे माझ्या मायचं काम आहे, आणि थोडं त्या डॉक्टरीणबाईंचं, ज्यांनी माझ्या बापाला एकदा भर दवाखान्यात गप्प केलं होतं.

आमचं घर दारव्ह्याचं. बाबा कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात काट्यावर होते. शेतकऱ्यांच्या बैलबंड्यांमधून आलेला कापूस तोलायचा आणि तोलण्याआधी तो कोरडा आहे की नाही ते बघायचं, हे त्यांचं काम. काही लोक वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारून आणत. बाबा बंडीत कोपरापर्यंत हात खुपसत, क्षणभर डोळे मिटत आणि हात बाहेर काढून सांगत, ओला आहे. मग कोणी कितीही शपथा घेतल्या तरी ते ऐकत नसत. त्यांचा हात चुकत नाही असं जिनात सगळे म्हणत, आणि बाबांना ते ऐकायला फार आवडे.

मायची तीन लेकरं. मधली मी. माझ्या आधीचा भाऊ आणि माझ्या पाठचा भाऊ, दोघेही साध्या तापात गेले. सकाळी अंग गरम, दुपारी उलट्या, आणि मग हाक मारली तरी डोळे उघडायचे नाहीत. दोघांचं अगदी एकसारखं झालं. त्या दोघांचा आणि माझा रंगही सारखा होता. आमच्या घरात गोरं कोणीच नव्हतं, पण आम्हा तिघांचा काळेपणा वेगळा. तळहाताच्या रेषा, हिरड्या, बोटांची पेरं, सगळीकडे शाई लागल्यासारखं दिसायचं. शिवाय मला मिठाचं वेड होतं. बाकीची पोरं गुळाच्या ढेपेभोवती घोटाळायची, मी खडेमिठाच्या मडक्यात हात घालायची. वाण्याच्या दुकानासमोर मिठाचं पोतं उघडं असलं की माय माझा हात घट्ट धरायची. शाळेत मला मीठखाऊ म्हणत, आणि म्हणणाऱ्याला मी चावायची.

छप्पन्न साली मायबाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. देवळीतले देव घरातून गेले. बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, आमच्याकडेच राहायची. दीक्षा तिनेही घेतली होती, पण देवांचा धाक काही तिच्या अंगातून गेला नव्हता. पुढे मी दुसरीत असताना मला जुलाब लागले आणि एका दिवसात मी पार गळून गेले. अंग थंड पडलं, मान धरवेना. आत्या म्हणाली, देव बाहेर काढले त्याचं हे फळ, अजून वेळ गेली नाही, भगताला बोलावू. शेजारच्या दोघीतिघी दारात उभ्या होत्या, त्यांनीही माना हलवल्या.

माय एरवी मोठ्या नणंदेपुढे तोंड उघडत नसे. त्या दिवशी मला पाठीवर घेता घेता ती म्हणाली, "तवा तं देव घरातच होते ना, आत्याबाई. मंग माहे दोन लेकरं काहून गेले?"

माय मला घेऊन सरळ स्टेशनवर गेली. छोट्या रुळाची गाडी, तिचा वेग बैलबंडीला लाजवणारा नव्हता, पण ती यवतमाळला पोचली आणि मीही जिवंत पोचले. वाटेत मी पाणी मागितलं की माय त्यात मिठाचा खडा टाकून द्यायची. का, ते तिला माहीत नव्हतं. पोरीला आवडतं, एवढंच तिला कळत होतं. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या की त्या मिठानेच मला दवाखान्यापर्यंत आणलं.

डॉक्टरीणबाई यवतमाळच्या दवाखान्यात होत्या. उंच, सडपातळ, बोलणं तुटक. त्यांनी माझ्या हिरड्या पाहिल्या, तळहात पाहिले, मायला आधीच्या दोन मुलांचं विचारलं आणि सलाईन लावून मला सावरून नागपूरला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात निदान झालं आणि पुढचे उपचार यवतमाळच्या बाईंकडे सोपवले. बाईंनी मायबाबांना समोर बसवून समजावलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन इवल्या ग्रंथी असतात. ताप, उपास, धक्का सोसायचं बळ त्यांच्यातून येतं, अंगातलं मीठही त्याच राखतात. हिच्यात त्या जन्मापासून अधू आहेत. तुमची दोन्ही मुलं बहुधा याच आजाराने गेली. हे रक्तातून येतं, आणि आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं, तेव्हाच उमटतं.

हे शेवटचं वाक्य मायने दोनदा विचारून घेतलं. दोन लेकरं गेल्यापासून घरात जे काही बोललं जायचं ते तिच्या कुशीवर येऊन थांबायचं. घरी आल्यावर तिने बाईंचं म्हणणं आत्याला जसंच्या तसं ऐकवलं. आपल्या माहेरच्या रक्तातही काही खोट असू शकते हे आत्याला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं. त्या संध्याकाळी तिने भाकरी फार जोरात थापल्या.

कॉर्टिझोनच्या गोळ्या सुरू झाल्या. सकाळी एक, दुपारी अर्धी, आणि वरून मीठ. बाईंनी दोन गोष्टी बजावल्या. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. आणि ताप आला तर दुप्पट द्यायची, ताप गेला की परत पहिल्यावर यायचं. महिन्याभरात मी उड्या मारू लागले. मी, जी शाळेतून येताना दोनदा वाटेत बसायची, ती आता पोरांना पळत जाऊन चावू लागले. मायच्या जीवात जीव आला. बाबांना तर काय करू नि काय नको असं झालं, आणि त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. त्यांनी मला तोललं.

जिनातलं काम आटोपलं, मुनीम घरी गेला की ते मला मोठ्या काट्याच्या एका पारड्यात बसवत आणि दुसऱ्यात दगड टाकत. मापं ते वापरत नसत, ती मालकाची. नदीतून आणलेले गुळगुळीत दगड होते, पहिल्या दिवशी माझ्या भाराएवढे लागले तेवढे त्यांनी भिंतीशी रचून ठेवले. पुढच्या आठवड्यात एक दगड वाढवावा लागला. मग आणखी एक. दगड वाढला की बाबांच्या अंगावरच मूठभर मांस चढे. मला खांद्यावर घेऊन ते बाजारातून घरी येत आणि भेटेल त्याला सांगत की पोरगी भरून राह्यली.

आणि इथेच आमची चूक झाली. काट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाचीच ती चूक. वजन वाढलं म्हणजे माल चांगला, वजन घटलं म्हणजे नुकसान. एका आठवड्यात काटा जागचा हलला नाही, तेव्हा बाबांनी घरी येऊन मायला सांगितलं की अर्धी गोळी जास्तीची दे. दिली. काटा पुन्हा झुकला. मग तसंच होत गेलं. काटा थांबला की गोळी वाढायची. मिठाचं पाणीही वाढलं. मला भूक तर अशी लागायची की वरणाचं भांडं मी बोटाने पुसून काढायची, आणि माय आनंदाने आणखी भाकर मोडून द्यायची. दोन लेकरं सुकून गेलेली बाई ती. तिसरं खातंय हे बघून तिचं पोट भरायचं. बाईंनी दोन महिन्यांनी दाखवायला सांगितलं होतं, पण एवढ्या धडधाकट पोरीला दवाखान्यात कशाला न्यायचं? यवतमाळला जाणाऱ्या कोणाकडून तरी गोळ्या मागवल्या की झालं.

वर्ष गेलं, दुसरं लागलं. माझं तोंड भाकरीसारखं गोल झालं, गाल लाल, पोट पुढे, पाय मात्र काड्याच. वर्गातल्या मुली उंच झाल्या, मी होते तिथेच राहिले. डोकं दुखायचं. जिनाकडचा चढ चढताना धाप लागायची आणि कानात धडधड ऐकू यायची. मी कोणाला सांगितलं नाही, कारण सगळे माझं कौतुक करत होते. पाटलाची पोरगी दिसते म्हणायचे. असं कौतुक माझ्या वाट्याला आधी कधी आलं नव्हतं आणि मला ते हवं होतं.

शेवटी औषधाच्या दुकानदारानेच गोळ्या द्यायचं नाकारलं. एवढ्या लवकर कशा संपतात, डॉक्टरांना विचारून या म्हणाला. बाबा रजा टाकून मला घेऊन गेले, मायही आली. बाबांनी नवा सदरा घातला होता. आपण पोरीला किती चांगलं राखलं हे दाखवायलाच ते निघाले होते.

बाई मला बघून उभ्याच राहिल्या. दंडाला पट्टा बांधून त्यांनी हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. लघवीचा नमुना घेऊन निळ्या पाण्यात घालून दिव्यावर धरला. निळं पाणी हळूहळू हिरवं झालं आणि मग पिवळटाकडे गेलं. माझ्यासाठी ती जादू होती, मी टाळ्या वाजवल्या. बाई हसल्या नाहीत. मग त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे खड्डा पडला आणि तसाच राहिला.

गोळी किती देता, त्यांनी विचारलं. बाबांनी खरं ते सांगितलं, काट्याचंही सांगितलं, दगडांचंही. अभिमानानेच सांगितलं. बाई एवढ्या चिडल्या की त्यांचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला असणार. ही गोळी ताकदीची नाही, अंगात जे तयार होत नाही त्याची ती भरपाई आहे, भरपाईपुरतीच द्यायची, असं त्या म्हणाल्या. जास्तीची गोळी अंगात पाणी आणि चरबी साठवते, उंची रोखते, साखर वाढवते; निळं पाणी पिवळं झालं ते त्या साखरेनेच. हिच्या रक्ताचा जोर म्हाताऱ्या माणसाएवढा झाला आहे. एवढ्याशा काळजाला तो जोर दिवसरात्र ओढावा लागतो. बाबा मध्येच काहीतरी म्हणायला गेले, तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं.

"कमी दिलीत तर ही तापात जाईल, ते तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "जास्त दिलीत तरी जाईल. फक्त उशिरा जाईल, आणि काळजाने जाईल. मला हिला या वर्षापुरती वाचवायची नाहीये."

बाबा खाली वाकले, माझा दुसरा पाय हातात घेतला आणि बाईंनी केलं तसा अंगठा नडगीवर दाबला. उचलला. खड्ड्याकडे ते बघत राहिले. मी त्यांचा हात कापसाच्या बंडीत जाताना शेकडो वेळा पाहिला होता, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला लगेच कळलं.

"हा तं ओला कापूस होय," ते म्हणाले. "मी माह्याच पोरीले वल्ली तोलून राह्यलो होतो."

बाईंना ते नीट कळलं नसावं. मायला कळलं. परतीच्या गाडीत नवा सदरा घातलेले बाबा खिडकीबाहेर बघत बसले. मला त्यांची फार दया आली. चूक त्यांची होती हे खरं, पण एवढ्या प्रेमाने केलेली चूक मी नंतर आयुष्यात कुठे पाहिली नाही.

गोळी एकदम कमी करायची नव्हती. अंगाला सवय झाली होती, एकदम तोडली तर जीव जाईल, असं बाईंनी बजावलं होतं. थोडी थोडी, पंधरा दिवसांनी थोडी, आणि दर महिन्याला पट्टा बांधून घ्यायला यवतमाळ. मीठही मोजकं. बाबा दर आठवड्याला तोलत राहिले, पण आता दगड कमी झाला तर ते डोळे पुसून मला सांगत, चांगलं झालं. सांगताना आवाज खरा यावा म्हणून ते केवढी खटपट करत!

माझे हाल झाले, खोटं कशाला बोलू. सांधे ठणकायचे, मी कुठेही पडून राहायची, भुकेने चिडायची, आत्याच्या अंगावर पाणी फेकायची. गाल उतरले. हिरड्यांचा रंग पुन्हा थोडा गडद झाला. पाटलाची पोरगी गेली आणि पूर्वीची मीठखाऊ परत आली. लोक आता मायला अडवून विचारत, पोरीला काय झालं, वाळली कशाने? आत्या तर रोज सकाळी गोळीची वेळ झाली की येऊन बसायची आणि उसासे टाकायची. मायने ते सगळं ऐकून घेतलं आणि गोळीचे तुकडे सुरीने अचूक करून मला देत राहिली. बाबांच्या काट्यापेक्षा तिची सुरी कडक होती.

माझा त्रास मला समजत होता. मायचा त्रास मला फार उशिरा कळला. दोन लेकरांना काहीच मिळालं नाही म्हणून ती दोघं गेली, हे तिला आता माहीत झालं होतं. ज्या गोळीने तिसरं वाचलं ती बाटली तिच्या हातात होती, आणि तिला सांगितलं जात होतं की यातून कमी दे. लेकरू डोळ्यांदेखत उतरतंय आणि तू कमी दे. जास्त द्यायला आईला हिंमत लागत नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी मला हिवताप आला. तोवर मी ठरलेल्या गोळीवर आले होते, पट्ट्यातला जोर उतरला होता, निळं पाणी निळंच राहू लागलं होतं आणि मी दारापुढच्या निंबावर केलेल्या माझ्या उंचीच्या खुणेपेक्षा दोन बोटं उंच झाले होते. सकाळी अंग तापलं. माय क्षणभर जागच्या जागी उभी राहिली, मग तिने दुप्पट गोळी दिली, बाबांना सरकारी दवाखान्यातून तापाचं औषध आणायला पाठवलं आणि माझ्या शेजारी बसली. दुपारची वेळ आली. याच वेळेला माझ्या दोन्ही भावांनी डोळे मिटले होते. माय दर थोड्या वेळाने मला हाक मारायची आणि मी ओ द्यायची. त्या हाका ऐकून शेवटी आत्याच म्हणाली की लेकराला जरा झोपू तरी दे. पण मायने झोपू दिलं नाही. संध्याकाळी मी भाकर मागितली.

ताप दोन दिवस येत-जात राहिला आणि मग उतरला. अंग गार झालं, तोंडाला चव आली, आणि दुप्पट गोळीमुळे मला वाघासारखं वाटत होतं. मायच्या घरात पहिल्यांदा एक लेकरू तापातून उठून बसलं होतं. बाबांनी त्या दिवशी जिनात पेढे वाटले.

दुसऱ्या सकाळी माय गोळ्या घेऊन आली. तळहातावर दोन होत्या. ताप गेला होता, म्हणजे आता एकच द्यायची, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, दारात बसलेल्या आत्यालाही माहीत होतं.

"राहू दे नं आठ रोज," आत्या म्हणाली. "कायले घाई करून राह्यली? आत्ताच तं वाचली पोरगी."

मायचा हात माझ्यापुढे तसाच होता. लोकांचे टोमणे पचवून, सुरीने तुकडे करून, मला रडवून, महिनोन् महिने गोळी खाली आणणारी माझी माय त्या सकाळी अडकली होती. दोन गोळ्यांनी तिच्यासमोर लेकरू वाचवलं होतं. त्यातली एक आता तिलाच काढून घ्यायची होती.

मला दोन्ही हव्या होत्या. दोन्ही घेतल्या की किती बरं वाटतं हे मला ठाऊक होतं. पण मला पायावरचा खड्डाही आठवत होता, आणि कानातली ती धडधडही. मी एकच उचलली.

"मले भेव लागते, बाई," माय हळूच म्हणाली.

"मलेबी लागते," मी म्हणाले. "पन मले तुह्याएवढं म्हातारं व्हाचं हाय."

आणि मी गोळी गिळली. माय हसली आणि हसता हसता रडायला लागली. ती तेव्हा जेमतेम तिशीची होती. दुसरी गोळी तिने परत बाटलीत टाकली.